रोषणाई पाहू द्या, पण जपून

गेल्या आठवड्यात एक आई मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला फिट्स येतात. गोळ्या नियमित चालू आहेत, वर्षभरात एकही फीट नाही. 15 ऑगस्टला मामा त्याला मुंबईत सीएसएमटीच्या इमारतीवरची तिरंगी रोषणाई दाखवणार आहे. ‘‘डॉक्टर, पाठवू का? सासूबाई म्हणतात, लखलखाटाने फीट येते.’’ हा प्रश्न अनेक घरांत असतो, म्हणून उत्तर येथे देतो.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टूनमध्ये लाल-निळ्या प्रकाशाची सेकंदाला सुमारे 12 वेळा उघडझाप झाली आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. मात्र प्रकाशाने फीट येणारे रुग्ण अपस्माराच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाचच असतात. मुलांत थोडे अधिक. ईईजी म्हणजे मेंदूच्या आलेखाच्या तपासणीत दिव्याची उघडझाप करून हे बहुधा कळते. या मुलाच्या अहवालात तसा दोष नाही.

शिवाय त्रास होतो तो मुख्यतः वेगाने होणाऱ्या उघडझापीने. सीएसएमटीसारखा स्थिर किंवा सावकाश बदलणारा प्रकाश सहसा त्रासदायक नसतो. आता इमारतीच्या कमानी-खिडक्या मोजून संगणकावर चित्रे तयार करतात आणि मोठ्या प्रोजेक्टरने भिंतीवर टाकतात. सिडनीच्या ऑपेरा हाऊसवर 2009 पासून ‘विविड’ महोत्सवात अशी चित्रे दाखवली जातात. ही कला आपल्याकडेही रुळते आहे. ती जरूर यावी. पण सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप असू नये, आणि असलीच तर तशी पाटी प्रवेशापाशी लावावी, हे आयोजकांचे कर्तव्य आहे.

लेसरची गोष्ट मात्र वेगळी. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला लेसरने इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले होते. लेसरचा किरण थेट डोळ्यात शिरला, तर डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर एकवटते व तेथे भाजते. त्या वेळी दुखत नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो, आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून लेसरचा झोत गर्दीकडे कधीही वळवू नये. आपल्या गावातील मंडळांनीही हे ध्यानात ठेवावे.

फिट्स येणाऱ्या मुलाला लग्नात न्यायचे नाही, सहलीला पाठवायचे नाही, जत्रा दाखवायची नाही, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. फीट बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबते. असे कोंडून ठेवणे जन्मभर पुरते.

त्या आईंना सांगितले, ‘‘खुशाल पाठवा. गोळी चुकवू नका, आदल्या रात्री पूर्ण झोप होऊ द्या. इमारतीपासून लांब उभे राहा. डोळ्यांपुढे लखलखाट सुरू झालाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून प्रकाश आत जातो. एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवायचा आणि मान वळवायची.’’

पोराने तिथेच तळहात डोळ्यावर ठेवून दाखवला. मामालाही ते शिकवायचे कबूल करून मायलेक घरी गेले.