संगणकावरील गाण्यांची खातेवही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा एक खोका हमखास खाली येतो. त्यात भावगीतांच्या, नाट्यसंगीताच्या, चित्रपटगीतांच्या कॅसेटी असतात. आणि तळाशी एखादी अशी निघते, जिच्यावर निळ्या शाईने केवळ ‘आई – जुनी गाणी’ एवढेच लिहिलेले असते. बाजारातून आणलेल्या कॅसेटींतील बहुतेक गाणी आज अन्यत्र मिळू शकतात. ही तळाची कॅसेट मात्र जगात एकच असते. घरातील मुलगा किंवा नातू हा सारा ठेवा संगणकावर उतरवण्याचे मनावर घेतो आणि पहिला प्रश्न निघतो तो हा, की संगणकात प्लेअर कोणता घालावा?

प्रश्न रास्त आहे. पण तो दुसरा असावयास हवा. पेढीवर आधी वही मांडली जाते, मग मुनीम नेमला जातो. प्लेअर हा मुनीम होय. १९९७ साली निघालेला विनअँप एके काळी घरोघरच्या संगणकांवर होता. आजच्या महाविद्यालयीन मुलांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नसेल. गाण्यांची सारी नोंद अशा प्रोग्रामच्याच पोटात राहिली, तर संगणक बदलताच गाणी उरतात आणि ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा शेकडो निनावी फायली हाती येतात. म्हणून नोंद फाईलच्या आतच असली पाहिजे. तिला टॅग म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. त्या तबकड्या जर्मनीत छापल्या जात. आवाज कोणाचा, हे तेथील कारागिरास कळावे, अशी ती सोय होती. नाव ध्वनीबरोबरच प्रवासास निघाले.

टॅगमध्ये शीर्षक, कलाकार, अल्बम, अल्बमचा मुख्य कलाकार, संगीतकार, वर्ष, टिपणी असे रकाने असतात. व्यापारी घरांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘पं. भीमसेन जोशी’ असे तिन्ही लिहिले, की एकाच आसामीची तीन खाती उघडली जातात आणि गाणी तिन्हींत विखुरतात. नाव कसे लिहावयाचे, हे आधी ठरवून घ्यावे. चित्रपटगीतांत अडचण निराळी असते. ‘मुघल-ए-आझम’मध्ये लता मंगेशकर, शमशाद बेगम, मोहम्मद रफी, बडे गुलाम अली खाँ असे अनेक गायक आहेत, केवळ ‘कलाकार’ हा रकाना भरला, तर काही प्लेअर त्या एका चित्रपटाचे तुकडे करून दाखवतात. सर्व गाण्यांच्या ‘अल्बमचा मुख्य कलाकार’ या रकान्यात नौशाद यांचे नाव घातले, की चित्रपट पुन्हा एकत्र येतो. देवनागरीसाठी एक दक्षता घ्यावी. एमपी३ फायलींतील टॅगच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकास अवघी ३० अक्षरे मिळत आणि आपल्या लिपीस तेथे जागाच नव्हती. प्लेअरने विचारल्यास आयडी३ आवृत्ती २.३ व युनिकोड निवडावे. अन्यथा नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

आता मुनीम. व्हीएलसी जवळजवळ कोणतीही फाईल वाजवतो आणि त्या कामी तो उत्तम. पण हजार गाण्यांची वही सांभाळणे हा त्याचा पिंड नव्हे. विंडोज संगणकावर म्युझिकबी आणि फूबार२००० हे दोन्ही मोफत व अधिक योग्य. म्युझिकबी दिसावयास देखणा आहे, घरातील वडीलधाऱ्यांस लवकर उमगतो. फूबार रुक्ष, कोऱ्या वहीसारखा. परंतु एकाच वेळी शंभर फायलींचे टॅग दुरुस्त करण्यात वाकबगार, आणि ‘राग’ किंवा ‘प्रहर’ असे स्वतःचे रकानेही त्यात जोडता येतात. शास्त्रीय संगीताचा संग्रह असेल तर फूबारच घ्यावा.

मांडणी थोडक्यात होते. सर्व गाणी एकाच फोल्डरात ठेवून प्लेअरला तो दाखवावा. फायलींची नावे व जागा आपोआप बदलणारी सोय असल्यास, टॅग नीट होईपर्यंत ती बंद ठेवावी. रीप्लेगेन चालू केल्यास एक गाणे कुजबुजते आणि पुढचे दचकवते, हा त्रास थांबतो; मूळ ध्वनीस धक्का लागत नाही. सीडी उतरवताना जुन्या काही प्रोग्रामांत संरक्षणाची खूण आधीच केलेली असे. ती काढली नाही, तर फाईल दुसऱ्या संगणकावर वाजत नसे.

कॅसेटीसाठी टेपचे हेड आधी स्वच्छ करावे. जोडणी संगणकाच्या निळ्या लाइन-इन छिद्रात करावी, गुलाबी माइकच्या छिद्रात नव्हे. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रामने ४४,१०० हर्ट्‌झवर ध्वनिमुद्रण करावे. स्टिरिओ ध्वनीचा एक तास सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. फ्लॅक स्वरूपात तो साधारण निम्म्यावर येतो आणि ध्वनीतील काहीही गळत नाही. १२८ केबीपीएसचे एमपी३ ६० एमबीच्या आतबाहेर बसते; पण त्यात कपात असते, आणि कपात झालेले परत मिळत नाही. यास्तव घरच्या आवाजाची मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी. खरखर कमी करण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत. भांड्यांचा आवाज, कोणी दिलेली हाक अशा प्रयोगांत पुसली जाते. मूळ प्रतीची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क घराऐवजी दुकानाच्या तिजोरीत ठेवावी.

त्या निळ्या शाईच्या कॅसेटीचे रकाने कोणताही प्लेअर भरून देणार नाही. कलाकाराच्या जागी आईचे पूर्ण नाव येईल. परंतु वर्ष कोणते, घर कोणते, मध्येच हसणारा आवाज कोणाचा, हे एखाद्या आत्यालाच ठाऊक असते. तिला या दिवाळीतच संगणकासमोर बसवावे, कॅसेट लावावी, आणि ती जे सांगेल ते टिपणीच्या रकान्यात तिच्यासमोरच लिहून घ्यावे.