अंडाशयात टोचायची 'ग्रोथ फॅक्टर'ची सुई

मूल होत नाही म्हणून गोरेगाव, सेनगाव भागातून येणाऱ्या जोडप्यांच्या फायलीत अलीकडे एक नवा सल्ला दिसू लागला आहे: अंडाशयात 'ग्रोथ फॅक्टर' टोचून घ्या. बाईच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून तो द्रव अंडाशयात सोडायचा, की बीज पिकते म्हणे. याला पीआरपी म्हणतात. हळदीची पट्टी हातात आली की सुई घ्यायची, असा बेत करून बसलेली जोडपी मी पाहतो, म्हणून हे लिहितो आहे.

ग्रोथ फॅक्टर ही थाप नाही. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम वाढते, पण त्याचा निरोप थेट स्त्रीबीजाला मिळत नाही. तो भोवतीच्या पेशींना मिळतो. त्या पेशी अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन असे घटक तयार करतात आणि त्यांच्यामुळे बीज पक्व होऊन साधारण 36 तासांनी बाहेर पडते. उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी 2004 मध्ये उलगडली. बीजही गप्प बसत नाही. जीडीएफ-9 आणि बीएमपी-15 हे घटक सोडून ते भोवतीच्या पेशींना कामाला लावते.

हे सारे किती नाजूक असते, ते आपल्या मेंढपाळांना चटकन कळेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतले 'फेक-बी' जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. एरवी एक कोकरू देणारी मेंढी त्यामुळे बऱ्याचदा जुळी देते. बदल आहे तो बीएमपी घटकांचा निरोप घेणाऱ्या प्रथिनात, तोही अगदी छोटा. आता न्यूझीलंडची इन्व्हरडेल मेंढी पाहा. तिच्यात बीएमपी-15 चे जनुक बिघडलेले असते. बिघडलेली एकच प्रत असेल तर बीजे जास्त सुटतात. दोन्ही बिघडलेल्या असतील तर मेंढी वांझ राहते.

म्हणजे कोणता घटक, किती आणि केव्हा, यावर सगळे ठरते. पीआरपीत प्लेटलेटमधल्या अनेक घटकांची सरमिसळ असते, तीही प्रत्येकीची वेगळी. त्याने मूल होण्याची शक्यता वाढते, असा भक्कम पुरावा आजवर नाही. संशोधन जरूर व्हावे, पण ते रुग्णाच्या पैशाने नको. माझ्या मते ही सुई आज नेहमीचा उपचार म्हणून विकणे गैर आहे.

त्यापेक्षा साध्या गोष्टी राहून जातात. पाळी अनियमित आणि पीसीओएस असेल, तर लेट्रोझोलच्या पाच दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अनेकींचे बीज सुटते. थायरॉईड पाहावे, नळ्या तपासाव्यात. आणि नवरा? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या दोषाचाही वाटा असतो. तरी सुनेच्या अहवालांची चळत घेऊन सासूबाई येतात, मुलाची वीर्यतपासणी मात्र झालेलीच नसते. विचारले की म्हणतात, "त्याला काय झालंय?"

आयव्हीएफपर्यंत जावेच लागले, तर केंद्र 2021 च्या कायद्याखाली नोंदलेले आहे का, ते विचारा. यशाची शक्यता, खर्च आणि धोके आधी समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे. सुईचा आग्रह झाला तर हे सगळे लेखी मागा, आणि वीर्यतपासणीचा कागद फायलीत लागल्याशिवाय पैसे भरू नका.