यश मिळाल्यावर पुढें काय?

हातीं घेतलेलें कार्य फसलें तर काय करावें, याचा विचार आमचे लोक पुष्कळ करतात. परंतु तें सिद्धीस गेल्यास दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. ही उणीव किती घातक आहे, हें आमच्याच इतिहासांतील दोन प्रसंग ताडून पाहिल्यास कळून येईल.

इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखान पडला. विजयोत्सवांत पंधरवडा घालविण्यास याहून मोठें निमित्त कोणतें? परंतु शिवाजी महाराजांनीं शत्रु बावरलेला आहे तोंच फौज पुढें लोटली, आणि २८ तारखेस, अवघ्या अठरा दिवसांत, पन्हाळा हस्तगत केला. खान पडल्यावर काय करावयाचें, हें आधींच ठरलेलें नसतें, तर इतकी त्वरा साधली नसती.

आतां याच्या उलट पहा. इ. स. १७५८ च्या एप्रिलांत लाहोर मराठ्यांच्या हातीं आलें व आमची फौज अटकेपर्यंत पोहोंचली. ‘अटकेपार झेंडा लावणें’ हा शब्दप्रयोग आम्ही अद्यापि अभिमानानें करतों. परंतु त्या मुलुखाचा कायमचा बंदोबस्त कोणीं करावा व फौजेचा खर्च कोठून भागवावा, याची पक्की योजना नव्हती. सालीना ७५ लक्ष रुपयांच्या करारावर पंजाबची सुभेदारी अदीनाबेगास देऊन रघुनाथरावदादा परतले. त्याच वर्षीं अदीनाबेग वारला, व करार कागदावर राहिला. पुण्याच्या खजिन्यांत द्रव्य येण्याऐवजीं मोहिमेचें कर्ज आलें. १७५९ सालीं अब्दाली पुन्हां उतरला, पंजाब गेला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. पानिपताचीं कारणें अनेक आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पराक्रमानंतरची व्यवस्था कच्ची होती, हें त्यांपैकीं एक खास होय.

हा दोष केवळ राजकारणाचा नव्हे. वर्गणी जमवून वाचनालयाची इमारत उभी राहते; कोनशिला, हारतुरे, भाषणें सर्व यथासांग होतें; परंतु ग्रंथपालाच्या पगाराची तरतूद नसल्यामुळें लवकरच दारास कुलूप लागतें. व्यापारी बंधूंस तर हें सांगावयास नकोच. मोठी मागणी पदरांत पडावी, माल भरण्यास भांडवल नसावें, व उधारीची मुदत लांब असावी, अशा वेळीं भरभराटीनेंच पेढी बुडते.

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक मंडळानें पावतीपुस्तक छापण्यापूर्वीं तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: कार्य सिद्ध झाल्यावर तें कोणीं सांभाळावें, त्याचा सालीना खर्च कोठून यावा, आणि मूळ हेतु पुरा झाल्यावर मंडळानें नवें काम हातीं घ्यावें, कीं हिशेब चुकता करून विसर्जन पावावें. वर्गणी देणारांनीं हे प्रश्न अवश्य विचारावे. झेंडा लावणारांची वाण आमच्याकडे कधींच नव्हती. त्याखालीं उद्यां कोण उभा राहणार, हें विचारणारा सभासद मात्र प्रत्येक सभेंत एक तरी असला पाहिजे.