उसन्या नावाचे घड्याळ

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात 'फर्स्ट कॉपी' या गोंडस नावाने जी घड्याळे विकली जातात, त्यांच्या खरेदीस केवळ हौशी तरुणच नव्हे, तर एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी सुशिक्षित माणसेही सरसावू लागली आहेत. लाखो रुपयांच्या स्विस घड्याळासारखे दिसणारे घड्याळ चार-पाच हजारांत मिळत असता ते का सोडावे, असा त्यांचा सवाल आहे. नीतीचा उपदेश करून तो उडवून लावता येणार नाही. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

नकलेच्या बाजूने जे खरे आहे ते आम्हांस मान्य आहे. यांतील काही घड्याळांचे पोलाद चांगले असते आणि आतील क्वार्ट्झ यंत्र वेळही बिनचूक दाखविते. परंतु क्वार्ट्झ यंत्र मुळातच स्वस्त आहे. तेवढीच अचूक वेळ दाखविणारे घड्याळ प्रामाणिक कारखानदार स्वतःच्या नावाने हजार-दीड हजारांत देतो. मग वरचे तीन हजार कशाचे? ते उसन्या नावाचे! शिवाय नकलकार खर्च करतो तो डोळ्यांना दिसते तेथेच. तबकडीवरील लहान वर्तुळांचे काटे पुष्कळदा निव्वळ शोभेचे असतात. पाठीवर शंभर मीटर पाण्याची ग्वाही कोरलेली असते. ती दिली कोणी, हे मात्र विचारण्याची सोय नसते. घड्याळ बंद पडले की सुटे भाग नाहीत म्हणून घड्याळजी हात जोडतो, आणि पावती नसल्याने ग्राहक आयोगापुढे उभे राहणेही दुरापास्त होते. असा माल विकणे हा तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध आहे.

दुसऱ्यांकडून शिकण्यास आमचा मुळीच विरोध नाही. १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.ची घड्याळे निघू लागली, ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानेच. पण तेथे विद्या उघडपणे घेतली होती आणि तबकडीवरचे नाव आपले होते. त्या घड्याळ कंपनीस टाळे लावण्यास सरकारने २०१६ साली मंजुरी दिली; तरीही वडिलांचे एच.एम.टी. घड्याळ दुरुस्त करून वापरणारी माणसे आजही घरोघर आढळतात. फर्स्ट कॉपी कोणी मुलाच्या हाती वारसा म्हणून ठेवील काय?

तेव्हा दामाच्या मानाने नकली घड्याळ चांगले, हा समज हिशेबालाही उतरत नाही. ज्यांची ऐपत हजाराची आहे त्यांनी हजाराचेच घड्याळ ताठ मानेने वापरावे. त्यात उणेपणा कसला? मनगटावरील घड्याळाने वेळ सांगावी. मालकाच्या श्रीमंतीची खोटी साक्ष देणे हे त्याचे काम नव्हे.