संथ षटकांना शिक्षा, सुसाट गाडीला माफी

क्रिकेटच्या कारभारात एक मोठी गंमत आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने ठरलेल्या वेळात षटके पुरी केली नाहीत, तर दंड कर्णधाराला होतो. आयपीएलमध्ये २०२४ च्या हंगामापर्यंत नियम असा होता की, पहिल्या प्रमादाला १२ लाख रुपये आणि तिसऱ्याला एका सामन्याची बंदी. त्यापायी मे २०२४ मध्ये दिल्लीच्या ऋषभ पंतला एक सामना बाहेर बसावे लागले. मुंबईच्या हार्दिक पंड्याचा तिसरा प्रमाद हंगामाच्या अखेरच्या सामन्यात घडला. त्यामुळे त्याची बंदी पुढच्या वर्षावर गेली आणि २०२५ चा सलामीचा सामना मुंबईला त्याच्याविना खेळावा लागला. बंदीचा हा नियम २०२५ पासून सैल झाला. पण इतकी वर्षे तो होता आणि कुणाला तो अन्यायाचा वाटला नाही.

मैदानात संथ चालण्याला ही शिक्षा. मग मैदानाबाहेर भरधाव चालण्याला कोणती? दारू पिऊन गाडी हाकण्याला कोणती? आपल्या क्रिकेटमध्ये त्याचे कुठलेही जाहीर कोष्टक असल्याचे ऐकिवात नाही. षटके उशिरा पडली तर दूरचित्रवाणीचे वेळापत्रक कोलमडते, जाहिरातदाराचे नुकसान होते. गाडी भरधाव गेली तर नुकसान होते ते रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचे. त्याचा ना मंडळाशी करार असतो, ना त्याच्या नावाची पाटी सीमारेषेवर झळकते.

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट वाचकांना आठवत असेल. विश्वचषक रंगात आला होता. पुण्यातल्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर बातमी आली की, कर्णधार रोहित शर्माच्या गाडीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल चलान झाले. आधी ताशी २०० किलोमीटरच्या वरचा आकडा छापून आला, मागाहून तो इतका नव्हता असेही छापून आले. खरा आकडा काय असेल तो असो. पाहण्यासारखी होती ती आपली प्रतिक्रिया. त्या मार्गावर मोटारींना मर्यादा शंभराची आहे, याची आठवण फार थोड्यांनी काढली. बाकीच्यांनी द्विशतकाचे विनोद केले. खेळाडूने नियम मोडला की आपण हसतो. शेजारच्या पोराने तोच नियम मोडून कुणाला उडवले, तर त्याच पोराला आपण दगड मारायला धावतो.

याहून फार गंभीर प्रकरण जुने आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यावर गाडी बाजूला घेण्यावरून वाद झाला आणि त्यात ६५ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यांना मारहाण केल्याचा आरोप नवज्योतसिंग सिद्धू या भारतीय संघाच्या फलंदाजावर होता. १९९९ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवून साध्या मारहाणीबद्दल एक हजार रुपये दंड केला आणि १९ मे २०२२ रोजी फेरविचार करून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. १ एप्रिल २०२३ रोजी सिद्धू तुरुंगातून बाहेर आला. न्यायालयाचे चक्र असे तेहतीस वर्षे फिरत राहिले. पण १९८८ ते १९९९ या काळात सिद्धू भारताकडून खेळतच होता. घटनेनंतर काही महिन्यांतच तो वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला आणि तिथे त्याने कसोटी शतकही काढले. या प्रकरणापायी संघाचे दार त्याला कधी बंद झाले नाही.

यावर मंडळाची बाजू घेणारे विचारतील, 'गुन्हा सिद्ध होण्याआधी मंडळाने त्याला कसे वगळायचे?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यावेच लागेल. पण आधी जगात काय चालते ते पाहू.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेत मार्च २०१९ च्या अखेरीस कसोटी कर्णधार दिमुथ करुणारत्ने याला कोलंबोत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. त्याच्या गाडीची एका रिक्षाला धडक बसली होती. तिथल्या मंडळाने त्याला साडेसात हजार डॉलर दंड केला. हे ठीकच झाले. पण तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच एकदिवसीय विश्वचषकासाठी कर्णधार म्हणून त्याचेच नाव जाहीर झाले! एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने बढती. इंग्लंडमध्ये २०१८ साली फ्रान्सचा विश्वविजेता कर्णधार आणि टॉटनहॅम क्लबचा गोलरक्षक ह्युगो लॉरिस अशाच गुन्ह्यात सापडला. न्यायालयाने ५० हजार पौंड दंड केला, वीस महिने गाडी चालवायला बंदी केली. क्लबच्या कर्णधारपदाला मात्र धक्का लागला नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने निराळी वाट धरली आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला साधारणपणे तीन सामने विनावेतन बाहेर, असा तिथला सध्याचा शिरस्ता आहे. एका हंगामात साखळीचे सामने सतराच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तीन सामन्यांचे मोल कळते. मार्च २००९ मध्ये डाँटे स्टॉलवर्थ या खेळाडूच्या गाडीखाली मायामीत एक पादचारी मरण पावला. खेळाडूने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने तुरुंगवास दिला तो अवघा तीस दिवसांचा; लीगने मात्र त्याला २००९ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसवले. विशेष म्हणजे तिथले शिक्षेचे धोरण खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी करूनच ठरते. काय केले तर काय होईल, हे खेळाडूला आधीपासून ठाऊक असते.

आपल्याकडे अडते ते इथेच. आपल्याला शिक्षा करता येत नाही असे नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात बायकांविषयी अश्लाघ्य बोलले, तर मंडळाने दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले. पुढे लोकपालांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. तेव्हा न्यायालयाच्या निकालाची वाट कुणी पाहिली नाही. म्हणजे बोलण्याने मंडळाची अब्रू गेली तर हात चालतो. गाडीने कुणाचा जीव धोक्यात आला तर तोच हात जड होतो.

आता पैशाचा हिशेब पाहा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ मध्ये ही रक्कम वाढली, तेव्हा आपल्या गावागावांत केवढी ओरड झाली होती! रोज चारशे रुपये मजुरी मिळवणाऱ्या माणसाची ही पंचवीस दिवसांची कमाई. भारताकडून कसोटी खेळणाऱ्याला एका सामन्याचे १५ लाख रुपये मिळतात; त्याच्या दृष्टीने हीच रक्कम पहिल्या दिवशीच्या उपाहारापर्यंतही पुरत नाही. एकच दंड एकाचे घर हलवतो आणि दुसऱ्याच्या खिशालाही कळत नाही. म्हणून दंडाच्या पावतीने हे काम होणार नाही. मोठ्या खेळाडूजवळ पैसा मुबलक असतो, मोजके असतात ते सामने. शिक्षा सामन्यांतच मोजली पाहिजे.

'न्यायालय शिक्षा करतेच, मग एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशाला?' असा दुसरा आक्षेप घेतला जातो. पण सरकारी नोकर, बसचालक, शिक्षक यांच्यावर खटला होतो आणि खात्याची चौकशीही होते. त्याला कुणी दोन शिक्षा म्हणत नाही. तुरुंग हा न्यायालयाचा अधिकार, जर्सी हा संघाचा. देशाची जर्सी हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही, तो मान आहे, आणि मान देणाऱ्याला तो काही काळ थांबवताही येतो.

राहिला गुन्हा सिद्ध होण्याचा प्रश्न. दारूच्या तपासणीत रक्ताचा अहवाल असतो, आकडा कागदावर असतो. तेवढ्यावर तीन सामन्यांची बंदी द्यायला वर्षानुवर्षे थांबण्याचे कारण नाही. कुणी दगावले असेल तर मंडळाच्या लोकपालांनी तीन महिन्यांत आपली चौकशी पुरी करावी, खेळाडूला आपली बाजू मांडू द्यावी आणि निर्णय द्यावा. सिद्धूच्या प्रकरणात मंडळाने असे केले असते तर तो कदाचित निर्दोषही ठरला असता. पण विचारणा तरी झाली असती. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना एवढे तरी कळले असते की, आपल्या माणसाच्या जिवाची कुणीतरी दखल घेतली.

शिक्षेचा आणखी एक उपयोग आहे, तो खुद्द खेळाडूला. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा कर्णधार टोनी ॲडम्स डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा त्याचे स्वागतच झाले आणि त्या मोसमात क्लबने विजेतेपदही पटकावले. त्याच्या दारूबद्दल कुणी विचारले नाही. आपण व्यसनी आहोत हे त्याने जाहीरपणे सांगितले ते १९९६ मध्ये, आणि २००० मध्ये त्यानेच व्यसनी खेळाडूंसाठी उपचार केंद्र काढले. मधली वर्षे फुकट गेली. आपला विनोद कांबळी आठवा. १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके काढणारा हा मुंबईकर फेब्रुवारी २०२२ मध्ये वांद्र्यात दारू पिऊन गाडी फाटकावर आदळल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि जामिनावर सुटला. तेव्हा तो निवृत्त होता, त्याला कोण बंदी घालणार? २०२५ पासून सुनील गावसकरांची संस्था त्याला महिन्याला ३० हजार रुपये देते, हा गावसकरांचा मोठेपणा. पण खेळाडू खेळत असतानाच त्याला थांबवून डॉक्टरांकडे नेणारा नियम असेल, तर किती घरे वाचतील! बंदीबरोबर उपचारही सक्तीचा असला पाहिजे.

हे सारे मुंबईच्या कार्यालयांत ठरायचे, त्याचा हिंगोलीशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध आहे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. रोजची साडेचारशेहून अधिक. आपल्या जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. एप्रिल २०२५ मध्ये वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बायकांना हळदीच्या कामावर नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. कुणाच्या हाती चाक द्यायचे, कसे चालवायचे, हा आपल्याकडे चुलीपर्यंत पोचणारा प्रश्न आहे.

आणि आपल्याकडेही खेळ आहे. उन्हाळा लागला की कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठेही जा, टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागलेले दिसतात. जत्रेत कबड्डीचे सामने होतात. एका मोटारसायकलवर तिघे, मधल्याच्या मांडीवर बॅट, डोक्याला काही नाही, अशा थाटात संघ मैदानावर येतात. जिंकले की गावातून मिरवणूक निघते, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा धडधडाट होतो, आणि बक्षीस देणारे पुढारी कौतुकाने पाहत उभे राहतात. या पोरांच्या पाठीवर १८ नाही तर ४५ नंबर असतो. त्यांनी आपल्या दैवतांकडून फटका उचलला तसा रुबाबही उचलला, तर दोष त्यांना किती द्यायचा?

स्पर्धेच्या पत्रकावर आपण 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' असे छापतो. त्याच्याखाली आणखी दोन ओळी छापायला कागद वाढत नाही: 'विनापरवाना किंवा दारू पिऊन गाडी चालवताना आढळलेला खेळाडू स्पर्धेतून बाद. मिरवणुकीत असा प्रकार झाल्यास संघाचे बक्षीस रद्द.' गावातल्या आयोजकांना हे करायला ना कायदा लागतो, ना मंडळाची परवानगी. एका गावाने केले की दुसरे करील. पहिल्या वर्षी भांडणे होतील, एखादा चांगला फलंदाज अंतिम सामन्याला मुकेल, पुढारी मध्यस्थीला येतील. त्या वेळी पंचाने आणि आयोजकाने ठाम राहायचे, एवढेच करायचे आहे.

मोठ्या मंडळाला शहाणपण येईल तेव्हा येवो. पायचीत दिलेला फलंदाज कितीही मोठा असला तरी मान खाली घालून तंबूत जातो, आणि खेळाचे मोठेपण त्यातच आहे. रस्त्यावर चुकलेल्या खेळाडूलाही तसेच काही सामने तंबूत बसवले पाहिजे. त्याचे नाव काय आणि त्याच्या धावा किती, हे त्या वेळी विचारायचे नाही.