बाटलीत सांडा आहे की नाही, हे तपासायला अडचण कसली?

आमच्या आठवडी बाजारात सांड्याचं तेल पुन्हा विकायला आलं. चादरीवर वाळलेल्या शेपटीचे दोन तुकडे, पातेलं आणि बाटल्या. "गुडघ्याला लावा, ताकदीला लावा." मी फोन केला, माल जप्त झाला. मग साहेबांनीच मला विचारलं, "हे सांड्याचंच कशावरून?" तिथेच विषय संपला. नमुना कुठेही गेला नाही.

सांडा हा थारच्या वाळवंटातला आणि कच्छातला सरडा. बिळात राहतो, मुख्यतः पाला खातो. शेपटीतल्या चरबीसाठी त्याला पकडतात, पळू नये म्हणून जिवंतपणीच कणा मोडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. कागदावर.

"कशावरून?" याचं उत्तर २००३ पासून जगापुढे आहे. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी तेव्हा डीएनए बारकोडिंगची पद्धत मांडली. पेशीतल्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि ओळख पटलेल्या नमुन्यांशी ताडून बघायची. नखाएवढा वाळका तुकडाही पुरू शकतो.

मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. कढवलेल्या तेलात डीएनएचे तुकडे पडतात, कधी काहीच हाती लागत नाही. म्हणूनच नुसती बाटली नको. शेपटी, कातडं, पातेल्याच्या तळाचा गाळ उचला. बारकोड जात सांगतो, कुठल्या बिळातून आणला ते सांगत नाही. आणि ताडायला खात्रीचा नमुना नसेल तर यंत्र काय करणार? जोधपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मरुस्थल केंद्र आहे, हैदराबादला आणि डेहराडूनला वन्यजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. म्हणजे देशात विद्या आहे. तालुक्याला नमुन्याची सीलबंद डबी आणि ती पाठवायची सवय नाही.

कुणी म्हणेल, गरीब विक्रेत्याच्या पोटावर कशाला पाय देता? मान्य, तो साखळीतला शेवटचा माणूस. पण तपासणीच नसेल तर एक तर तो उगाच अडकतो, नाहीतर त्याला माल पुरवणारा कायमचा सुटतो. शेपटी दुसऱ्याच प्राण्याची निघाली, तर तेही कळायला नको का?

माझी मागणी साधी आहे. जप्ती झाली की नमुना गेलाच पाहिजे, आणि अहवाल काय आला ते लोकांना कळलं पाहिजे. तुमच्या बाजारात असं तेल दिसलं तर वनखात्याला कळवा. आणि महिन्याभराने एवढंच विचारा: नमुना पाठवला का?