चापावरचं बोट आणि परवान्यावरची सही

शस्त्राचा परवाना मंजूर झाला की माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणतं घेऊ?’ अलीकडे जालन्यात त्याला दुसरा प्रश्न जोडून येतो, ‘ते फायबरचं, ग्लॉकसारखं मिळेल का?’ विचारणारा औद्योगिक वसाहतीतला स्टीलवाला असेल, बियाण्यांचा व्यापारी असेल किंवा अंबड-घनसावंगीकडचा बागायतदार. त्यानं ते मोबाइलवर पाहिलेलं असतं, नाहीतर एखाद्या नेत्याच्या अंगरक्षकाच्या कमरेला. काळं, चपटं, हलकं. घोडा बाहेर दिसत नाही आणि अंगठ्यानं खाली-वर करायची सेफ्टीही दिसत नाही. या सदरात आपण कायदा-सुव्यवस्थेचे प्रश्न मांडतो, आणि मला हा तसाच प्रश्न वाटतो. त्या पिस्तुलाची निवड ही हौसेची बाब समजली जाते, पण तिचा परिणाम घरातल्या आणि शेजारच्या माणसांच्या जिवावर होतो.

आधी कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. त्यामुळे ज्याच्यावरून ही चर्चा सुरू होते ते ग्लॉक १७ आपल्याकडे फोर्स वन किंवा एनएसजीसारख्या दलांच्याच हाती दिसतं. नागरिकाच्या वाट्याला प्रामुख्यानं .३२ बोअर येतं. त्यातही आजवर भर होता सरकारी आयुध निर्माणीच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर, कारण परदेशी हातशस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. म्हणूनच जुनं वॉल्थर किंवा ब्राउनिंग काही लाखांना हातोहात जातं. आता मात्र खासगी कंपन्यांना शस्त्रनिर्मितीचे परवाने मिळू लागलेत. हिसारला ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या भागीदारीत कारखाना उभा राहिलाय. नव्या धाटणीचं पिस्तूल आज दुकानात सहज मिळत नसलं तरी मागणी आहे आणि उत्पादकही आहेत. ते आपल्या जिल्ह्यात सर्रास दिसू लागायच्या आधीच बोललेलं बरं.

या पिस्तुलाच्या आत काय आहे ते समजून घेऊ. जुन्या पिस्तुलात चाप ओढला की मागचा घोडा सुटतो आणि फायरिंग पिनवर आदळतो. स्ट्रायकर पद्धतीत घोडाच नसतो. स्लाइडच्या पोटात स्प्रिंगवर ताणलेली पिन असते आणि तीच सुटून काडतुसाच्या बुडावर जाते. ही कल्पना नवी नाही. जॉन ब्राउनिंगनं बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी केलेलं १९१० चं पिस्तूल याच पद्धतीचं होतं, आणि १९१४ मध्ये साराजेव्होत ज्या गोळ्यांनी पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली त्या त्याच बनावटीच्या पिस्तुलातल्या. एखाद्या जुन्या घराण्याकडे वडिलोपार्जित १९१० चं ब्राउनिंग असेल तर त्यांच्याकडे स्ट्रायकरचं पिस्तूल पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण त्याला अंगठ्याची सेफ्टी होती आणि मुठीतही एक दाबपट्टी होती.

१९७० मध्ये जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखनं पॉलिमरच्या सांगाड्याचं पिस्तूल काढलं. पण जग बदललं ते ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकनं. त्याआधी त्यानं पिस्तूल कधी केलेलं नव्हतं. त्याचं पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं स्वीकारलं. मॅगझिन न धरता वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, सुटे भाग अगदी मोजके. बाहेरची सेफ्टी त्यानं काढूनच टाकली. त्याऐवजी आत तीन अडसर ठेवले: चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी, पिनला अडवणारा खिळा, आणि पिस्तूल पडलं तरी पिन सुटू नये म्हणून तिसरा. बोटानं चाप नीट दाबला की तिन्ही एकामागून एक सुटतात. दाबला नाही तर पिस्तूल गच्च बंद. रचना हुशारीची आहे यात वाद नाही.

ज्यांनी हे रोज वापरलंय ते त्याची तारीफ करतात आणि ती खोटी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, शर्ट पाठीला चिकटतो. स्टीलचं जुनं पिस्तूल घामानं गंजतं आणि संध्याकाळपर्यंत कमरेला जड होतं. पॉलिमरचा सांगाडा गंजत नाही, उन्हात वितळतही नाही. (स्लाइड, नळी आणि स्प्रिंगा मात्र स्टीलच्याच असतात, त्यांना तेल-पुसणी लागतेच. ‘फायबरचं आहे, काही करावं लागत नाही’ हा समज चुकीचा.) पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चापाचा दाब सारखाच राहतो, म्हणून नेम सुधारतो. अचानक प्रसंग आला तर सेफ्टी काढायला विसरण्याची भीती नाही.

नेमक्या याच सोयीत धोका आहे. ग्लॉकचा चाप साधारण अडीच किलो जोरानं दबतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता चाप ओढायला सुमारे दुप्पट जोर लागतो, आणि तो लांबवर ओढावा लागतो. म्हणजे रिव्हॉल्व्हर माणसाला चूक लक्षात यायला क्षणभर उसंत देतं. चेंबरमध्ये गोळी असलेलं स्ट्रायकर पिस्तूल ती उसंत देत नाही. चापाला बोट लागलं काय, सदऱ्याचं टोक लागलं काय किंवा जॅकेटची दोरी अडकली काय, पिनला फरक कळत नाही. बाहेर घोडा नसल्यानं नुसतं बघून किंवा अंगठ्यानं चाचपूनही ते तयार स्थितीत आहे का हे ओळखता येत नाही.

मालकांचे परदेशातले अनुभव हेच सांगतात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका क्लबात अमेरिकन फुटबॉलचा नामवंत खेळाडू प्लॅक्सिको बरेस यानं ग्लॉक होल्स्टरशिवाय सैल पँटच्या कमरेला खोचलं होतं. ते घसरलं, सावरायला हात गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तो हौशी होता असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांच्याकडून १२० हून अधिक वेळा चुकून गोळी सुटल्याचं वॉशिंग्टन पोस्टनं १९९८ मध्ये उघड केलं. पोलिसांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना जखमी केलं, नागरिकही त्यात सापडले. पिस्तूल बिघडलेलं नव्हतं. भरती वाढली होती आणि सराव मागे पडला होता. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्याच पिस्तुलाला जड चाप बसवून घेतला, अडीच किलोच्या जागी पाच किलोहून अधिक.

यंत्र प्रत्येक वेळी निर्दोषच असतं असंही नाही. सिग सावरचं पी३२० हे याच जातीचं पिस्तूल २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्करानं निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ते ठरावीक कोनात आपटलं तर गोळी सुटू शकते हे समोर आलं, आणि कंपनीनं नागरिकांची पिस्तुलं मोफत सुधारून द्यायला सुरुवात केली. नवं मॉडेल म्हणजे अधिक सुरक्षित, हे गृहीत धरू नये.

सफाईच्या वेळचा अपघात मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तो घरात, चटईवर बसून, पोरंबाळं आजूबाजूला असताना होतो. ग्लॉक खोलायचं असेल तर आधी चाप दाबावा लागतो. त्याची रचनाच तशी आहे. म्हणून क्रम चुकला की संपलं. पहिल्यांदा मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची, मग डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चेंबर रिकामं असल्याची खात्री करायची. पण माणूस घाईत उलटं करतो. आधी स्लाइड ओढतो, एक गोळी बाहेर पडलेली बघून निश्चिंत होतो आणि मग मॅगझिन काढतो. दरम्यान मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. मॅगझिन टेबलावर आहे म्हणजे पिस्तूल रिकामं आहे, हा समज जगभरच्या अपघातांच्या मुळाशी आहे. आणि ज्या पिस्तुलात खोलण्यासाठी चाप दाबावाच लागतो, तिथे तो समज थेट जिवावर बेततो.

आपल्याला हे शिकायला परदेशात जायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. ते जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर होतं, म्हणजे चाप जड असलेलं. ज्या शस्त्रात चुकीला थोडी जागा असते त्यानंही हे होतं. मग जिथे ती जागाच काढून टाकलीय, तिथे किती सावध असायला हवं?

याच काळात महाराष्ट्रात परवान्यांची चर्चा खूप झाली, पण ती वेगळ्याच कारणानं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार झाला आणि त्याचा आरोप तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांच्यावर आला. शेजारच्या बीडमध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ च्या हत्येनंतर कळलं की एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. मग तपासण्या झाल्या, परवाने रद्द होऊ लागले. जालन्यातही डिसेंबर २०२३ मध्ये मंठा चौफुलीच्या परिसरात भरदिवसा गोळ्या घालून खून झाला, आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीकडून येणाऱ्या गावठी पिस्तुलांचा प्रश्न आपल्या पोलिसांनाही नवा नाही. या सगळ्या चर्चेत परवाना कुणाला द्यावा यावर खल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्याला दिला त्याला शस्त्र हाताळता येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

खरं तर नियमात ते आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं. ते पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात जोडायचं असतं. सुरक्षित हाताळणी, साठवण, वाहतूक, नेमबाजीचं तंत्र, देखभाल असं सगळं त्यात अपेक्षित आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आनंदोत्सवात बेदरकार गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. शेवटचा बदल मला खटकतो. पाच वर्षांनी नूतनीकरणाला येणाऱ्या माणसानं मधल्या काळात एकदा तरी मैदानावर जाऊन गोळी झाडली आहे का, चेंबर तपासण्याचा क्रम त्याला आठवतो का, हे बघायची वेळच येत नाही. दुचाकीच्या लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. कमरेला पिस्तूल लावणाऱ्याकडून पाच वर्षांतून एकदा तेवढं तरी मागणं जास्त नाही.

शिवाय परवान्यावर काडतुसांची संख्या मोजकी लिहिलेली असते. ती सरावात संपवायला मालक तयार नसतो, ‘वेळेला कामी येतील’ म्हणून जपून ठेवतो. दहा वर्षं पिस्तूल कपाटात आणि हात कोरा. असा माणूस स्ट्रायकरचं पिस्तूल कमरेला खोचून लग्नाला जातो, तेव्हा तो स्वतःच्या संरक्षणासाठी काही करत नाही. तो शेजारच्या पंगतीला धोक्यात घालतो.

म्हणून ‘कोणतं घेऊ’ या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. जो महिन्या-दोन महिन्यांतून मैदानावर सराव करणार नाही, त्यानं बाहेरची सेफ्टी नसलेलं पिस्तूल घेऊ नये, ते कितीही हलकं असो. त्याच्यासाठी जड चापाचं रिव्हॉल्व्हर बरं. जो घेणारच आहे त्यानं चापाची जागा पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर घ्यावं. बाजारातलं मऊ रेक्झिनचं होल्स्टर दुमडून चापावरच येतं. आणि होल्स्टरमध्ये परत ठेवताना घाई करू नये, तिथेच बहुतेकांचं बोट आत राहतं.

जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना एक सुचवणं आहे. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. शस्त्र शिकवणारे अनुभवी उस्ताद या शहरात राहतात. नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाला एक दिवस त्यांच्यापुढे उभं करा. शस्त्र रिकामं करून दाखव, खोलून दाखव, घरात कुठे आणि कसं ठेवतोस ते सांग, एवढंच विचारा. ज्याला जमणार नाही त्याला पुन्हा शिकवा, तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा ठेवा. निवडणुकीच्या वेळी छाननी करून शस्त्रं जमा करून घेण्याची व्यवस्था आहेच, तीच यासाठीही चालेल.

आणि परवानाधारकांना विनंती. पिस्तूल कोणत्याही बनावटीचं असो, आज घरी गेल्यावर चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही चाव्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. अडीच किलोचा चाप लहान मूलही दोन्ही अंगठ्यांनी दाबू शकतं.